लांबून वाचता येणारं अक्षर

पुणतांब्याला गोदावरीच्या काठी चांगदेव महाराजांची समाधी आहे. इथल्या पोरांना शाळेत जायच्या आधीच त्यांची गोष्ट पाठ असते. योगबळावर चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. ज्ञानेश्वर वयानं लहान, अधिकारानं मोठे. मायन्यात 'चिरंजीव' लिहावं की 'तीर्थरूप', ते ठरेना, म्हणून त्यांनी कागद कोराच पाठवला. एवढं जगून हा कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाली. ज्ञानेश्वरांनी मात्र त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं. तीच चांगदेव पासष्टी. पुढं मुक्ताबाईच चांगदेवांची गुरू झाली.

आमच्या धंद्यात ही गोष्ट रोज घडते. वेबसाइट करून घ्यायला येणारा माणूस बहुतेक वेळा कोरा कागदच घेऊन येतो. कृषी सेवा केंद्राचा मालक येतो, मंगल कार्यालयवाला येतो, पेरूच्या रोपांची नर्सरी असलेला शेतकरी येतो, शिर्डीचा लॉजवाला येतो. मॅटर काय टाकायचं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "तुम्हीच टाका काहीतरी चांगलं." अशा वेळी 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय' यासारखी कुणाचीही कुणालाही चालणारी वाक्यं भरून पान पुरं करायची पद्धत आहे. मामा ती भरू द्यायचे नाहीत. "कोरा आलाय म्हणजे त्याच्याजवळ खूप आहे," ते म्हणायचे, "त्याला बसव, चहा दे, विचार."

आणि मग तेच विचारायचे. तुमचं पहिलं गिऱ्हाईक कोण होतं? लोक शेजारचं दुकान ओलांडून तुमच्याकडं का येतात? तुम्ही कोणत्या गोष्टीला कधीच हो म्हणत नाही? नर्सरीवाला बराच वेळ गप्प बसून म्हणाला होता की, जमीन आणि पाणी बघितल्याशिवाय मी रोप देत नाही, उगाच माणसाची तीन वर्षं वाया जातात. मामांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. त्या साइटचं पहिलं वाक्य ते झालं, आणि मी आजवर केलेल्या कामात मला ते सगळ्यात चांगलं वाटतं. ते मी लिहिलेलं नाही, मामांनीही नाही. ते त्या माणसाजवळच होतं.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. गावाला ते 'पेंटर' म्हणून माहीत. त्यांचं पाळण्यातलं नाव निम्म्या गावाला सांगता आलं नसतं, पण पेंटरचं घर कोणतं ते कुणीही दाखवायचं. मिसरूड फुटलं तेव्हापासून त्यांनी पाट्या रंगवल्या. किराणा दुकानं, पिठाच्या गिरण्या, सोसायटीचं ऑफिस, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं मालकाच्या मुलांची नावं, निवडणुकीत पक्षांची चिन्हं. पत्र्याला आधी रेड ऑक्साईडचा हात, तो वाळला की जमिनीचा रंग, मग निळीत भिजवलेली दोरी दोघांनी ताणून मारलेल्या रेघा, आणि त्या रेघांमध्ये खारीच्या केसांच्या ब्रशनं अक्षर. डाव्या हातात काठी, काठीवर उजवं मनगट टेकलेलं. शिरोरेघ ते सगळ्यात शेवटी ओढायचे. घराच्या भिंती आधी आपापल्या पायावर उभ्या राहू देत, छप्पर मागून घालू, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं त्यांचं कोणतंही अक्षर शिरोरेघेला लोंबकळत नसे.

मग श्रीरामपूर-कोपरगावात फ्लेक्स छापायची मशीनं आली. तासाभरात, फोटोसकट, हव्या त्या मापाचा बोर्ड हातात. चार दिवस थांबून पत्र्याची पाटी कोण करून घेणार? मामांचं काम एका पावसाळ्यात नाही गेलं, पण दर दिवाळीला थोडं थोडं कमी होत गेलं. त्यांनी कुणाला दोष दिल्याचं मी ऐकलं नाही. ब्रश टर्पेंटाईनमध्ये धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून ठेवून दिले.

पुण्यातलं शिक्षण आणि थोडी नोकरी करून मी गावी परतले, घराच्या पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर मांडले आणि वेबसाइट करायला लागले. मामा आधी नुसते चहाला यायचे. मग चहा झाल्यावरही बसायचे. मग एक दिवस दाराबाहेर चपला घालता घालता मागं वळून म्हणाले, "अगं, इथनं वाचता येईना."

मी म्हटलं, मामा, लोक कॉम्प्युटरच्या पुढ्यात बसून वाचतात. ते म्हणाले, "बसतात, पण बघत नाहीत. ज्याला थांबायचं नाही त्याला वाचता आलं पाहिजे. थांबलेला माणूस काहीही वाचतो."

तेव्हापासून आमच्या खोलीत नियमच झाला. होमपेज तयार झालं की पडद्यावर लावायचं आणि सगळ्यांनी उंबऱ्यापर्यंत मागं जाऊन बघायचं. दुकानाचं नाव, ते काय विकतात, आणि फोन नंबर, एवढं उंबऱ्यातून दिसलं पाहिजे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि बघता बघता आमच्या सगळ्या साइट लोक मोबाईलवरच बघू लागले. मामांनी परीक्षा बदलली. भर दुपारी फोन घेऊन उसाच्या बांधावर जायचं आणि हात लांब करून साइट उघडायची. तयार टेम्प्लेटांना पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांचं फार प्रेम असतं. खोलीत ती अक्षरं देखणी दिसतात. आमच्याकडच्या उन्हात ती नाहीशीच होतात. मजकूर आणि त्यामागचा रंग यांच्या उजेडात किमान साडेचारास एक एवढा फरक हवा, असं वेबच्या सुलभतेचे जागतिक नियम २००८ पासून सांगतात. मामांना ते गुणोत्तर माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांना रेल्वेची पाटी माहीत होती.

पुणतांबा दौंड-मनमाड मार्गावरचं स्टेशन. २००९ साली इथून शिर्डीला फाटा निघाला आणि आम्ही जंक्शन झालो. फलाटाच्या टोकाची ती पिवळी पाटी, तिच्यावरची ती काळी जाड अक्षरं. मामा मला तिथं घेऊन जायचे आणि न थांबणारी गाडी येईपर्यंत बसवून ठेवायचे. गाडी धडधडत गेली की विचारायचे, "खिडकीतल्या माणसाला गाव कोणतं ते कळलं असेल का?" कळलं असणार. "मग हीच पाटी चांगली. सुंदर नंतर बघू." प्रेरणेसाठी बाहेरच्या देशांतल्या बक्षीसपात्र साइट बघत बसायची माझी सवय त्या फलाटावर सुटली. त्या साइट वाईट नव्हत्या, पण त्यांना पुणतांब्याचं ऊन माहीत नव्हतं.

गोदावरीवरच्या अहिल्यादेवींच्या घाटावर ते मला वेगळ्या कारणानं न्यायचे. पायऱ्या उतरताना माणूस खाली बघत नाही, कारण पुढची पायरी कुठं असणार हे पावलाला ठाऊक असतं. पानावरचं बटण तसं असावं, असं मामा कधी म्हणाले नाहीत. ते नुसते माझ्या पुढं उतरत गेले, आणि ते मला तिथं कळलं.

अक्षरांच्या बाबतीत मात्र ते बोलायचे, आणि चिडायचेही. एकदा पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाले, "हा ल आपला नाही. श पण आपला नाही." खरं होतं. कॉम्प्युटरवरच्या बऱ्याच देवनागरी फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. ल आणि श यांची ही आपली वळणं शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात प्रमाण म्हणून लावून दिलेली आहेत, पण पडद्याला शासन निर्णय कोण वाचून दाखवणार? पानाच्या कोडमध्ये अगदी वर भाषा मराठी आहे असं लिहिलं, तर ज्या फॉन्टांत तशी सोय आहे ते आपण होऊन मराठी ल आणि श दाखवतात. एका छोट्या सूचनेचं काम. हजारो मराठी साइटांवर ती सूचना आजही नसते.

आमच्या कॉम्प्युटरमध्ये विंडोजबरोबर येणारा 'मंगल' फॉन्ट र. कृ. जोशी या मराठी माणसानं केलाय, हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत सरळ बसले. जोशी सुलेखनकार, जाहिरातीतले कलावंत, आयआयटी मुंबईत शिकवणारे. २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोत वारले. भारतातल्या किती सरकारी कचेऱ्यांमधून, किती शाळांमधून त्यांची अक्षरं रोज उमटतात, त्याची मोजदाद नाही. मामांनी एकच विचारलं, "त्यांचं नाव कुठं आहे?" पेंटर पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, अगदी बारीक अक्षरात आपलं नाव टाकतो. गावातली शहाणी माणसं तो कोपरा आधी बघतात. मंगलमध्ये मजकूर टाईप करणाऱ्याला जोशींचं नाव कुठंच दिसत नाही. मामांना ते फार लागलं.

नाटकांच्या जाहिरातींची एक वही त्यांच्याकडं होती. मुंबईच्या वर्तमानपत्रांतून कापलेली नाटकांची नावं, बहुतेक कमल शेडग्यांच्या हातची. प्रत्येक नाटकाला वेगळं अक्षर, आणि त्या अक्षरातच नाटकाचा स्वभाव. ४ जुलै २०२० ला शेडगे गेल्याची बातमी आली, तेव्हा मामांनी ती वही घेऊन दुपार ओट्यावर काढली. मी जवळ जाऊन बसले. एकेका नावावरून ते बोट फिरवायचे, वेलांटी कुठून उचललीय, उकार कुठं सोडलाय, ते दाखवायचे. त्या दुपारी मी जे शिकले ते कोणत्या अभ्यासक्रमात असेल असं मला वाटत नाही.

१ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, तो आमच्या गावातून. ग्रामसभेनं ठरवलं की शहराला दूध आणि भाजीपाला पाठवायचा नाही, आणि बघता बघता राज्यभर ते पेटलं. त्याच महिन्यात सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. पुणतांब्याचं नाव त्या दिवसांत सगळ्या देशानं वाचलं. आम्ही ओळखीच्या पोरांना फोनवर फिरवायला चित्रं करून देत होतो, आणि एका अक्षराशी झगडत होतो. 'शेतकऱ्यांचा' या शब्दातला अर्धा र. मराठीत तो डोळ्याच्या पापणीसारखा वळतो. हिंदीला त्याची गरज पडत नाही, म्हणून कित्येक फॉन्ट तो विसरायचे. जुन्या फोनांवर त्याच्या जागी मोकळा चौकोन यायचा किंवा र पाय मोडून एकटाच उभा दिसायचा. ज्यांचा संप त्यांचंच नाव फुटलेलं. मामांनी गुंडाळलेले ब्रश सोडले आणि पांढऱ्या कापडावर तो शब्द हातभर उंचीचा लिहिला. मी त्याचा फोटो काढला आणि सगळ्या चित्रांत टाईप केलेल्या अक्षरांऐवजी तोच वापरला. कोणत्याही फोनवर तो फुटला नाही.

त्यानंतर आम्ही ही पद्धतच धरली. दुकानाचं नाव मामा कागदावर हातानं लिहायचे, मी ते स्कॅन करून गिरवून घ्यायचे, बाकीचा मजकूर 'मुक्ता'त. मुक्ता हा 'एक टाईप' या संस्थेनं केलेला फॉन्ट सगळ्यांना फुकट मिळतो, आणि बारीक आकारातही तो स्वच्छ वाचता येतो. मूळ कागद मामा गिऱ्हाइकाला देऊन टाकायचे. पाटी दुकानाची असते, पेंटरची नसते, असा त्यांचा हिशेब.

ते दिवस कामाचे होते. १ ऑक्टोबर २०१७ ला शिर्डीचा विमानतळ सुरू झाला, २०१८ साली साईबाबांच्या समाधीला शंभर वर्षं झाली, आणि लॉजवाल्यांची रीघ लागली. आंध्र, तेलंगणातून येणाऱ्या भाविकांसाठी तेलुगूतही पानं केली. मामांना तेलुगू येत नव्हतं, पण त्या गोल अक्षरांचा तोल कुठं बिघडलाय ते ते बरोबर सांगायचे. एका गिऱ्हाइकासाठी आम्ही देवनागरी पत्ताही घेतला. नावापुढं .भारत. ही सोय २०१४ पासून आहे. पण तो पत्ता कुठं कुठं चिकटवला की देवनागरी जाऊन त्या जागी एक्स, एन आणि पुढं रोमन अक्षर-आकड्यांची माळ दिसायची. कारण इंटरनेटची जुनी यंत्रणा आतून अजून रोमनच वाचते. मामा त्या माळेकडं बघत राहिले. "आपलं नाव त्यांना अजून लिहिता येत नाही तर," एवढंच म्हणाले.

मार्च २०२० मध्ये शिर्डीचं मंदिर बंद झालं. नोव्हेंबरात उघडलं, पुढच्या वर्षी पुन्हा बंद झालं. लॉज ओस पडले. ज्यांना कामगारांचे पगार निघत नव्हते त्यांनी डोमेनचे आणि होस्टिंगचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे आणि जागेचे, पैसे भरले नाहीत, आणि ते त्यांना मागायला माझी जीभ रेटली नाही. साइट एकेक करून बंद झाल्या.

मामा २०२३ च्या दिवाळीनंतर गेले. रात्री छातीत कळ आली आणि सकाळपर्यंत सगळं संपलं. दहावा घाटावर झाला. दिवस झाल्यावर मी त्यांचं लिहिलेलं गोळा करायला बसले, तेव्हा काय गेलंय ते ध्यानात आलं. पाट्यांवर फ्लेक्स चढलेले होते, भिंतींवर चुना. मूळ कागद गिऱ्हाइकांकडं; त्यातल्या अनेकांनी दुकानं बदललेली, काही गाव सोडून गेलेले. आणि साइट? भिंतीवरची जाहिरात ऊन-पावसात पंधरा-वीस वर्षं पुसट होत राहते, निदान तिचा माग राहतो. वेबसाइटला पुसट होणं नसतं. पैसे भरायची तारीख उलटते, थोडे दिवस मुदत मिळते, आणि एका सकाळी तिथं काहीच नसतं. एका लॉजचा पत्ता मी उघडला तर तिथं जुगाराच्या कुठल्याशा कंपनीची जाहिरात होती. सुटलेला पत्ता कुणीही विकत घेऊ शकतो. जिथं मामांच्या हातचं नाव होतं तिथं ते चमचमणारे आकडे बघून मी कॉम्प्युटर बंद केला आणि आईजवळ जाऊन बसले.

अमेरिकेतल्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेनं १९९६ पासून जगभरच्या साइटांच्या प्रती साठवल्या आहेत. तिथं आमची काही पानं सापडली. मजकूर होता, फोन नंबर होते, रंगही होते. बऱ्याच पानांवर चित्रांच्या जागा मात्र मोकळ्या होत्या, आणि मामांची अक्षरं आमच्या साइटवर चित्र म्हणूनच लावलेली असायची. मामांच्या अक्षरातल्या साइटांपैकी नर्सरीवाल्याची तेवढी चालू आहे. तो दर वर्षी न चुकता पैसे भरतो, आणि मामांच्या हातचा कागद त्यानं काच लावून ऑफिसात टांगला आहे.

२०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. चालू असलेल्या सगळ्या साइटांवरचे पत्ते आम्ही बदलले. ते काम करताना स्टेशनकडच्या रस्त्यावरच्या पिठाच्या गिरणीची पाटी मला आठवली. मामांच्या तरुणपणातली ती पाटी, राहाता वेगळा तालुका व्हायच्या आधीची. तिच्यावर अजून 'ता. कोपरगाव, जि. अहमदनगर' आहे. आता तालुकाही तो नाही आणि जिल्ह्याचं नावही ते नाही, पण रस्त्याच्या पलीकडून प्रत्येक अक्षर वाचता येतं. मी ती बदलू नका असं गिरणीवाल्याला सांगून आले. तो म्हणाला, बदलणार होतो कुठं.

खोलीत आता माझ्याबरोबर दोन मुली काम करतात. दोघी गावातल्याच, दोघींचे हात चांगले आहेत. होमपेज झालं की त्या न सांगता उंबऱ्यापर्यंत मागं जातात. पण ल कुठं चुकलाय ते मला बघावं लागतं, आणि मामांना ते जसं एका नजरेत दिसायचं तसं मला दिसत नाही. ती नजर गेली. ती कोणत्या आर्काइव्हमध्ये नाही आणि माझ्यातही पुरती उतरलेली नाही, हे मी दुःखानं पण स्पष्ट सांगते.

म्हणून वाचणाऱ्यांना दोन गोष्टी मागते. तुमची किंवा तुमच्या दुकानाची वेबसाइट असेल तर तिची पूर्ण प्रत, चित्रांसकट, ज्यानं केली त्याच्याकडून आजच मागून घ्या आणि आपल्या घरात ठेवा. डोमेन कुणाच्या नावावर आहे तेही विचारा. आणि तुमच्या गावात हातानं रंगवलेली पाटी राहिली असेल, तर भिंतीला नवा रंग द्यायच्या आधी तिचा चांगल्या उजेडात फोटो काढा, आणि फोटोत खालचा उजवा कोपरा येऊ द्या. तिथं पेंटरचं नाव असतं.